‘बाकीचं सरांवर सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक लांबलचक मेसेज वरचेवर फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच. पूर्वी सर छडी घेऊन उभे राहायचे म्हणून खेळाडू घडायचे. आता बालसुरक्षेची धोरणं आणि तक्रारपेट्या आल्या आणि कोचचे हात बांधले गेले. चांगल्या क्लबात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे असल्या नियमांची गरजच काय? काही वावगं घडलंच तर मूल घरी सांगेल. पोलीस पडताळणी केली की पुरे. उलट एका खोट्या तक्रारीनं भल्या माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. तेव्हा मुलाला मैदानावर सोडा आणि बाकीचं सरांवर सोडा. खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग आणि ‘अगदी खरं’.

मेसेज लिहिणारा माणूस दुष्ट नसावा. बहुधा त्याला सर चांगले भेटले असतील. पण एखाद्याला चांगले सर भेटले, हा बाकीच्या मुलांच्या सुरक्षेचा पुरावा होत नाही.

ओळखीपासूनच सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे मुद्दे तिच्याच जोरावर उभे आहेत. मुलांना त्रास देणारा कुठूनतरी बाहेरून येतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो बहुधा आतलाच असतो, आणि बऱ्याचदा सगळ्यांचा लाडका असतो. लॅरी नासर हा अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा आणि मिशिगन स्टेट विद्यापीठाचा डॉक्टर. सराव शिबिरात कोच कडक, खाण्यावर पहारा, दुखलं म्हणायची चोरी. अशा ठिकाणी हा मुलींना गुपचूप खाऊ द्यायचा, विचारपूस करायचा. पालकांचा त्याच्यावर इतका विश्वास होता की काही वेळा आई त्याच खोलीत खुर्चीवर बसलेली असायची आणि तो मध्ये पाठ करून, तिची नजर अडवून, उपचाराच्या नावाखाली अत्याचार करायचा. १९९७ मध्येच एका मुलीनं विद्यापीठातल्या कोचला हे सांगितलं होतं. २०१४ मध्ये विद्यापीठानं केलेल्या चौकशीतून तो सहीसलामत सुटला. २०१६ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रात बातमी आली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्या सुनावणीत दीडशेहून अधिक जणी न्यायालयात उभं राहून बोलल्या.

नासरला कोण ओळखत नव्हतं? सगळेच ओळखत होते.

यातली एक गोष्ट मेसेजच्या लेखकानं दोनदा वाचावी. ज्या धाकाचं तो कौतुक करतो, त्याच धाकामुळे नासरला जागा मिळाली. कोचशी बोलायची सोय नसली की मूल जो कोणी गोड बोलेल त्याच्याकडे वळतं.

‘काही झालं असतं तर मुलानं सांगितलं असतं.’ हा मुद्दा सर्वांत जास्त पटतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. अँडी वुडवर्ड हे इंग्लंडमधले माजी व्यावसायिक फुटबॉलपटू. क्रू अलेक्झांड्रा क्लबच्या युवा संघात वयाच्या अकराव्या वर्षी ते बॅरी बेनेल या कोचच्या हाताखाली आले आणि तिथून अत्याचार सुरू झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे बोलले तेव्हा त्यांचं वय ४३ होतं. त्यानंतर इतके माजी खेळाडू पुढे आले की फुटबॉल असोसिएशननं नेमलेल्या चौकशीच्या २०२१ च्या अहवालात किमान ६९२ पीडित आणि २४० संशयितांचा आकडा आहे. १९७० ते २००५ या काळातली ही मुलं. बेनेलला २०१८ मध्ये ३१ वर्षांची शिक्षा झाली. २०२३ मध्ये तो तुरुंगातच मेला. आणि हो, हे बहुतेक मुलगे होते. ‘हा प्रश्न मुलींचा’ म्हणून मुलग्यांचे पालक निर्धास्त राहतात, ते कशाच्या आधारावर?

ही मुलं गप्प का राहिली, हे समजायला बेनेलचं घर पाहावं. वुडवर्ड यांनी त्याचं वर्णन केलं आहे: दारातून आत शिरताच नाणी टाकून खेळायची यंत्रं, पूलचं टेबल, खांद्यावर येऊन बसणारं माकड. अकरा वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं? शिवाय संघात कोण येणार हे त्याच्याच हातात. बोललं तर फुटबॉल संपला.

आजच्या क्लबात माकड नसतं. सुरुवात फार साधी असते. रात्री साडेदहाला मुलाच्या फोनवर सरांचा खासगी मेसेज येतो: आज छान खेळलास, तुझ्यात काहीतरी वेगळं आहे, पण बाकीच्यांना सांगू नकोस, उगाच जळतील. मग बूट भेट मिळतात. मग घरी सोडायला सर येतात, आणि सोडताना गाडीत तो एकटाच असतो. आईवडिलांना वाटतं, केवढा जीव लावतात! एकेक गोष्ट सुटी पाहिली तर आक्षेप घेण्यासारखं काहीच नाही, आणि पुढे जे घडतं ते सांगायची वेळ येते तेव्हा बूट घेतल्याची आणि गुपित पाळल्याची लाज मुलालाच वाटत असते. खासगी मेसेज नकोत, मुलाशी बोलणं पालक असलेल्या ग्रुपवरच व्हावं, हा नियम हे सगळं त्या पहिल्या पायरीवरच थांबवतो. सर सज्जन असतील तर त्यांचं त्यात काहीही जात नाही.

मुलं सांगतातही, पण आपल्याला हव्या तशा वाक्यात नाही. ‘मला त्या बॅचला जायचं नाही.’ ‘पोट दुखतंय.’ ‘अमुक सर असतील तर मी स्पर्धेला येत नाही.’ क्वचित थेट बोलतात, तेही अर्धवट, ऐकणाऱ्याचा चेहरा चाचपत. अशा वेळी मोठ्यांनी शांतपणे ऐकायचं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. उलटतपासणी करायची नाही, शब्द सुचवायचे नाहीत. सांगितलंस ते बरं केलंस एवढं म्हणायचं, आणि लगेच मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचं. समोरच्या सरांना बोलावून ‘हे खरं का हो?’ विचारणं ही सर्वांत घातक घाई. त्यानं पुरावा जातो आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

पोलीस पडताळणीबद्दल फार बोलायला नको. ती करावीच. पण ती पकडला गेलेला माणूस दाखवते, न पकडलेला नाही. नासर वर्षानुवर्षं कोऱ्या पाटीनं वावरला. बेनेलला पहिली शिक्षा १९९५ मध्ये फ्लोरिडात झाली. त्याआधीच्या कितीतरी वर्षांत त्याच्या नावावर काहीच सापडलं नसतं.

आता छडी. ‘मार खाल्ल्याशिवाय चॅम्पियन होत नाही’ हे इतक्या जणांच्या तोंडी आहे की ते तपासायचं कोणाला सुचत नाही. नॉर्वेत मुलांच्या खेळातल्या हक्कांचे नियम १९८७ पासून आहेत, २००७ मध्ये ते सुधारून घेतले. त्यानुसार मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत निकालयाद्या, गुणतक्ते, क्रमवारी काहीही ठेवायचं नाही. किती आणि काय खेळायचं यात मुलाचं म्हणणं धरायचं. त्याच नॉर्वेनं २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं नेली आणि २०२२ मध्ये १६ सुवर्णपदकं. या नियमांमुळेच पदकं आली असं मी म्हणणार नाही. तिथे बर्फही भरपूर आहे. पण धाकाशिवाय विजेते तयार होतच नाहीत, हा दावा तेवढ्यानं निकालात निघतो.

धाकानं काय होतं याचीही नोंद आहे. ब्रिटनमधल्या जिम्नॅस्टिक्सच्या चौकशीचा व्हाइट अहवाल जून २०२२ मध्ये आला. चारशेहून अधिक जणांनी आपले अनुभव कळवले होते. मुलींचं वारंवार वजन करणं, त्यावरून सगळ्यांसमोर बोलणं, पाणी पिऊ न देणं, स्वच्छतागृहात जाऊ न देणं, दुखापतीवर सराव करायला लावणं. हे करणारी बरीचशी माणसं स्वतःला कडक पण प्रेमळ कोच समजत असणार.

आणि शरीराला ‘शिस्त’ कळत नाही. उन्हात शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या, पाणी बंद: यातून होतो तो उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं, मूल बरळू लागतं, तोल जातो. ‘नाटकं करतोय’ म्हणण्यात गेलेली मिनिटं अवयव निकामी करतात. आधी गार पाण्यात बुडवून किंवा ओतून शरीर थंड करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. डोक्याला मार लागल्यावर ‘काही नाही, ऊठ’ म्हणून त्याच दिवशी परत खेळवणं तर गुन्हाच म्हणावा, कारण पहिला मार भरून निघायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. परत खेळायचं की नाही, हा निर्णय सामना जिंकायची घाई असलेल्या माणसाच्या हातात असूच नये.

अतिसराव ही गोष्ट त्याहून शांतपणे नुकसान करते. वाढत्या हाडांच्या टोकांशी मऊ थर असतो, त्यावर रोज तोच ताण आला की दुखणं कायमचं होऊ शकतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने मुलानं त्या एका खेळापासून सुट्टी घ्यावी. क्रीडावैद्यकात आणखी एक ठोकताळा वापरतात: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. दहा वर्षांच्या मुलीला आठवड्याला वीस तास पळवणाऱ्या क्लबला कोणी क्रूर म्हणत नाही, जिद्दी म्हणतं. आणि पालकच जर सरांना सांगत असतील की ‘दोन फटके द्या, आमची परवानगी आहे’, तर तशी परवानगी त्यांच्या हातात नसते, हे कोचनं सरळ सांगावं.

खोट्या तक्रारींची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण तिच्यावरचा उपाय कोणता? मुलासोबत बंद खोलीत एकटं न राहणं, फिजिओकडे तपासणी होताना तिसरं माणूस हजर असणं, स्पर्धेच्या गावी मुलांच्या खोलीत मोठ्यांनी न झोपणं, मुलं कपडे बदलत असताना तिथे मोबाइल न नेणं. कोणी भलतंच बोललं तर कोचच्या बाजूनं उभा राहणारा साक्षीदार यातूनच मिळतो. म्हणजे मेसेज ज्या नियमांची टिंगल करतो, तेच त्या भल्या माणसाचं संरक्षण आहेत. चौकशी होईपर्यंत कोचला मुलांपासून दूर ठेवणं म्हणजे त्याला दोषी ठरवणंही नव्हे. खरं-खोटं करणं हे क्लबच्या कमिटीचं कामच नाही, त्यासाठी शिकलेली माणसं वेगळी असतात.

‘छोट्या क्लबला हे परवडत नाही’ यावर एकच सांगतो: वर जे लिहिलं त्यातलं बहुतेक फुकट आहे. मुलांच्या कल्याणासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमायची, जी मुख्य कोचची नातेवाईक नसेल. दमा किंवा फिट्सचा त्रास कोणाला आहे आणि तातडीला फोन कोणाला करायचा, याची वही मैदानावर ठेवायची. याला बजेट लागत नाही, इच्छा लागते, आणि अडतं बहुधा तिथेच.

राहिली क्लबची अब्रू. हा मुद्दा मेसेजमध्ये उघड नाही, पण प्रत्येक ‘आपापसात मिटवू’च्या मागे तोच असतो. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघटनेला नासरबद्दल जून २०१५ मध्ये कळलं. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेला सांगायला पाच आठवडे गेले, एफबीआयनंही ढिलाई केली, आणि ज्या विद्यापीठात तो रोज रुग्ण तपासत होता तिथे कोणी कळवलंच नाही. बातमी येईपर्यंतच्या या मधल्या वर्षभरात सत्तर किंवा त्याहून अधिक मुलींवर अत्याचार झाल्याचा दाव्यांच्या कागदपत्रांतला आकडा अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालात आहे. विद्यापीठानं २०१८ मध्ये भरपाईपोटी ५० कोटी डॉलर कबूल केले. अब्रू वाचली का?

भारतात तर लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत मिटवण्याची मुभाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या किंवा घडेल अशी शंका असलेल्या कोणालाही पोलिसांना कळवावं लागतं; पुरावा गोळा करून आणा, असं कायदा म्हणत नाही. सद्‍भावनेनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलाची तक्रार खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा नाही. मात्र हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं दडवला, तर कलम २१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. काय करावं ते सुचत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो. तो मूलही करू शकतं, म्हणून तो नंबर क्लबच्या फलकावर मुलांच्या उंचीला लावावा.