सिरॅमिक पॅड टाकले म्हणून घाट न्यूट्रलमध्ये उतरायचा नसतो

‘ब्रेकच्या नावाखाली लूट, गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत’ असा एक लांबलचक मेसेज सध्या सातारा, वाई, कोरेगावच्या ग्रुपांवर फिरतोय. स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसणाऱ्याला असल्या मेसेजची सवय असते. वाचायचा आणि सोडून द्यायचा. पण परवा तो आमच्या तात्यांनीच मला पाठवला आणि खाली लिहिलं, “चारही चाकांचे सिरॅमिक काढून ठेव, रविवारी येतो.” तात्या सत्तरीच्या पुढचे, गाडी छोटी, आणि पाचगणीला लेकीकडे सारखं जाणं-येणं. म्हणजे वाई-पाचगणीमधला पसरणीचा घाट. आता गप्प बसून कसं चालेल?

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सिरॅमिक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेकचे तुकडे) तापतच नाहीत, तेव्हा ते टाका आणि घाट खुशाल न्यूट्रलमध्ये उतरा, पेट्रोल वाचतं. भोकं पाडलेल्या डिस्क टाका, गाडी निम्म्या अंतरात थांबते. पॅड बदलले की डिस्क बदलायचीच. ओरिजिनल पार्ट म्हणजे नुसते डब्याचे पैसे. आणि नवे पॅड वाजायला लागले तर त्यांना ग्रीस लावा.

‘चारही चाकां’चं आधी सांगून टाकतो. तात्यांच्या गाडीला मागे डिस्कच नाही, ड्रम आहेत. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं असंच आहे. ड्रममध्ये आतून दाबणारे शू असतात, पॅड नसतात. मेसेज लिहिणाऱ्याने गाडीचं मागचं चाक कधी उघडून बघितलंय का, इथूनच शंका सुरू होते.

आता ‘तापतच नाहीत’. अहो, ब्रेकचं कामच तापायचं आहे. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास. माणसं धरून १३०० किलोची गाडी ६०० मीटर खाली आणायची म्हणजे साधारण ७६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. गार पाण्याची मोठी बादली भरून उकळी फुटेल एवढी ही उष्णता. गिअरमध्ये उतरलात तर यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाईल तेवढं सोडून बाकी सगळं पुढच्या दोन डिस्कवर आणि थोडं मागच्या ड्रमवर पडतं. डिस्क बिडाची, एकेक पाच-सहा किलोची. पॅड कुठल्याही मटेरियलचा लावा, उष्णतेची बेरीज तेवढीच राहते.

आणि पॅड टिकला तरी त्याच्या मागे ब्रेक ऑइल आहे, त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ हे २३० पर्यंत. पाणी धरलेल्या ऑइलसाठी मानकात हाच आकडा १४० आणि १५५ वर येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ खाली जातो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात फिरणारी गाडी आणि चार वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन लोक माझ्याकडे महागडे पॅड मागायला येतात. आधी ऑइल बदला म्हटलं की तोंड वाकडं करतात. खर्च पॅडच्या सेटपेक्षा बराच कमी असतो, पण त्याला रंगीत डबा नसतो ना.

पेट्रोल वाचतं म्हणे! आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलं की इंधन जवळजवळ बंदच होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. ते वाचवायला कुणी इंजिनच बंद केलं, तर दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की पायाच्या दाबाला जोर देणारा बूस्टर रिकामा, पेडल दगडासारखं घट्ट, आणि स्टिअरिंग जड. पुण्यातल्या नवले पुलाचा नोव्हेंबर २०२२ चा अपघात सगळ्यांना आठवत असेल. कितीतरी गाड्या एका ट्रकने चेचल्या. ब्रेक फेल नव्हते, चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. त्या ट्रकला सोन्याचे पॅड असते तरी काय फरक पडला असता?

सिरॅमिकमध्ये काहीच नाही असं नाही. चाकावर काळी भुकटी कमी बसते, आवाज कमी येतो, शहरात चालवायला छान. पण ते ‘तापत नाहीत’ ही समजूत आलीय ती लाखो रुपयांच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कवरून. ती वस्तू वेगळी, आपल्या डब्यावरचं सिरॅमिक वेगळं.

मग पॅड निवडायचा कसा? यात मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ९०, जो युरोपात बदली पॅडना लागू आहे. अ‍ॅस्बेस्टॉसची बंदी सोडली तर पॅड कशाचा बनवलाय, यावर तो पास-नापास ठरवत नाही. गाडीच्या मूळ पॅडशी तुलना करून ब्रेक लावून बघतो, आणि कामगिरी १५ टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे म्हणतो. यातली मेख लक्षात घ्या. मूळ पॅडपेक्षा कितीतरी जास्त पकडणारा पॅडही यात बसत नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांचं ब्रेकचं वाटप आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मूळ पॅडवर बेतलेलं असतं. आपल्याकडे तो नियम बंधनकारक नाही, पण माल बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांच्या पॅडवर वर्तुळातला ‘ई’ आणि ‘९०आर’ने सुरू होणारा नंबर दिसतो. तो असेल तर मला बाकी जाहिरात वाचायची गरज वाटत नाही. काही पॅडच्या कडेवर ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिल्यापेक्षा दुसरं अक्षर खालचं असेल, म्हणजे ‘एफई’, तर घाटवाल्याने तो पॅड परत ठेवावा.

यावरूनच ओरिजिनलचा मुद्दा. इथे मेसेजला अर्धे गुण द्यावे लागतात, नाइलाजाने. गाडीची कंपनी पॅड स्वतः बनवत नाही, पुरवठादाराकडून घेते, आणि तोच पुरवठादार कधीकधी स्वतःच्या डब्यात तसाच माल कमी किमतीला विकतो. तो जरूर घ्या. पण मेसेज पुढे म्हणतो, ‘म्हणून कुठलाही लोकल पॅड चालतो.’ हे ‘म्हणून’ आलं कुठून? डुप्लिकेट डबे आमच्या बाजारात इतके हुबेहूब येतात की मीसुद्धा बिलाशिवाय माल उतरवून घेत नाही.

भोकाच्या डिस्कबद्दल जास्त लिहीत नाही. निम्म्या अंतरात थांबणं धादांत खोटं आहे, गाडी शेवटी टायरच्या पकडीवर थांबते. पावसात पाण्याचा थर लवकर जातो, एवढं मान्य. पण साध्या डिस्कला बाहेरून भोकं पाडून आणलेला स्वस्त माल वारंवार तापला की भोकांच्या कडेने तडे जातात. छोट्या गाडीला साधी, पोटात हवा खेळणारी कंपनीच्या मापाची डिस्क बास.

डिस्क प्रत्येक वेळी बदलायची का? डिस्कवरच उत्तर कोरलेलं असतं. ‘मिन टीएच’ आणि पुढे मिलिमीटरचा आकडा, कमीत कमी चालणारी जाडी. नवी आणि बाद डिस्क यांत बहुतेक छोट्या गाड्यांत दोनेक मिलिमीटरचाच फरक असतो, म्हणून डोळ्यांनी अंदाज करू नका. व्हर्नियरने मोजलं तर तो कडेच्या न झिजलेल्या काठावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. मायक्रोमीटर लावा, काठाच्या आत, चार-पाच ठिकाणी. जाडी शिल्लक आहे, खोल चर नाहीत, ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत नाही, तर त्याच डिस्कवर नवे पॅड बसवा. लेथवर फेसिंग, म्हणजे डिस्क तासून सपाट, करायचं असेल तर ते झाल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. बदलायची वेळ आलीच तर डावी-उजवी दोन्ही बदला. आणि पावसाळ्यात सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसला म्हणून धावत येऊ नका. कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत चार ब्रेक लागले की जातो.

ग्रीसचं वाचून तर मी कपाळाला हात लावला. ग्रीस लागतं ते पॅडच्या मागच्या लोखंडी पाटीला आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिनांना, तेही ब्रेकचं, उष्णता सोसणारं आणि बोटाला लागेल एवढंच. घासणाऱ्या बाजूला लागलं तर तो पॅड फेकायचा, धुऊन उपयोग नाही. हा मेसेज वाचून घरी पान्हा घेऊन बसणारे असतील, त्यांच्यासाठी आणखी एक. नवे पॅड बसवायला कॅलिपरमधला पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिला ब्रेक लागतच नाही, पाय तळापर्यंत जातो. गाडी जागची हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, ऑइलची पातळी बघा, आणि मग मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये डिस्क गार व्हायला वेळ देऊन. ते झाल्याशिवाय घाटाकडे गाडी वळवू नका.