मेट्रो थांबते कुठे, ते बोला

परवा आईला मंडईत जायचं होतं. धनकवडीहून स्वारगेटपर्यंत पीएमपीची बस आणि पुढे पुणे मेट्रोचं जेमतेम एक स्टेशन. आई म्हणाली, "अरे, एवढ्याशासाठी जमिनीखाली कशाला उतरायचं?" तरी उतरलो. वर आलो तर मंडई हाकेच्या अंतरावर. ना रिक्षावाल्याशी हुज्जत, ना गाडी लावायची चिंता. येतानाही मेट्रोनेच येऊ, असं मग तीच म्हणाली.

मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी एवढ्याच दोन तुकड्यांवर ही मेट्रो धावायला लागली, तेव्हा आपण सगळे हौसेने बसलो होतो. फोटो काढायचे आणि आल्या पावली परत. पांढरा हत्ती म्हणणाऱ्यांत मीही होतो (जुन्या पोस्ट उकरून काढू नका). मग ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही मार्ग सिव्हिल कोर्टाला येऊन मिळाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बोगद्यातून कसबा, मंडई करत गाडी स्वारगेटला आली. गाडी तीच, पण आता लोकांना जिथे जायचंय तिथे थांबायला लागली.

म्हणून विस्ताराच्या बातमीतले किलोमीटर मी आता वाचतच नाही, आधी स्टेशनं मोजतो. स्वारगेट ते कात्रज घ्या. साधारण साडेपाच किलोमीटरचा भुयारी मार्ग, केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ ची, आणि त्यात स्टेशनं किती, तर तीन! सातारा रस्त्यावरची वस्ती बघून हा आकडा कुणाला सुचला असेल, देव जाणे. लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे २०२५ मध्ये बिबवेवाडी आणि बालाजीनगर ही दोन वाढवली. खर्च वाढला म्हणून काहीजण कुरकुरले. पण भुयारी स्टेशन म्हणजे काही बसचा थांबा नव्हे, उद्या वाटलं म्हणून खांब रोवून पाटी लावली. जे राहिलं ते कायमचं राहिलं.

याच रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली होती, देशात पहिली म्हणून केवढं कौतुक! पण मधोमध असलेल्या थांब्यावर पोचायचं तर जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा. माझ्या मते तिचं घोडं बसमुळे नाही, तिथेच अडलं.

आता नोव्हेंबर २०२५ मध्ये खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग हे मार्ग मंजूर झालेत. मिळून साडेएकतीस किलोमीटर, २८ स्टेशनं, सगळी उन्नत, म्हणजे खांबांवरची. सिंहगड रस्त्यावरचा माझा मित्र डोक्याला हात लावून बसलाय. उड्डाणपूल आत्ता कुठे झाला, आता परत बॅरिकेड! त्याचं काही चुकत नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला, ते आपण विसरलेलो नाही.

तरी मेट्रो हवीच. फक्त स्टेशनची जागा ठरते त्याच कागदावर बसचा थांबा, शेअर रिक्षा आणि फूटपाथही आखा. स्वारगेटला बसमधून उतरून मेट्रोचं दार गाठेपर्यंतच माझा अर्धा घाम निघतो.

बालाजीनगरची दारं रस्त्याच्या कुठल्या बाजूला येणार, कुणी नकाशा पाहिलाय का? एक केके मार्केटकडे आणि एक धनकवडीकडे हवंच. पाहिला असेल तर कमेंटमध्ये टाका, आईला दाखवायचाय.