‘फुल फ्रेम घ्या, फोटो आपोआप सुधारतील’ : या सल्ल्यातलं खरं किती, चूक किती

लग्नसराई जवळ आली की नागपुरातल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) शिकाऊंसाठी असतो. फुल फ्रेमवर दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फायदा बसल्या जागी मिळतो. ताडोब्यातला वाघ आणि लॉनमधलं लग्न, दोन्ही एकाच बॉडीत भागतं. जुन्या लेन्स चालतातच, त्यामुळे सगळे पैसे आधी बॉडीत घाला, लेन्सचं पुढच्या सीझनला बघू. आणि सेन्सर फुल फ्रेम असला की झालं, मग सगळ्यात स्वस्त बॉडीही पुरते.

हे वाचून हप्त्यांवर बॉडी उचलणारे बहुतेक जण धंद्यात नवे असतात. त्यांचे पैसे अडकतात आणि फोटो होते तिथेच राहतात. म्हणून एकेक मुद्दा आकड्यांनिशी तपासू.

‘दीड स्टॉपचा फायदा बसल्या जागी’

फायदा खरा आहे, पण त्याला अट आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा. निकॉन-सोनीचा क्रॉप साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम निकॉन-सोनीच्या क्रॉपपेक्षा सुमारे २.४ पट आणि कॅननच्या क्रॉपपेक्षा २.६ पट मोठी भरते. स्टॉपमध्ये मोजलं तर सव्वा ते जेमतेम १.४. म्हणजे ‘दीड’ हा आकडाही थोडा फुगवलेलाच.

अट ही की चित्रात येणारा भाग तेवढाच हवा आणि एफ-नंबरही (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा; आकडा लहान तितका उजेड जास्त) तोच हवा. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर १७-५० एफ/२.८ वापरणाऱ्याने फुल फ्रेमवर २४-७० एफ/२.८ लावली, तर हा फायदा पुरा पदरात पडतो. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० चा फोटो जुन्या बॉडीच्या २५०० ते २८०० इतका स्वच्छ दिसतो. विधीच्या वेळी फ्लॅश मारता येत नाही, मंडपात पिवळा मिणमिणता उजेड असतो, तिथे हा फरक छापलेल्या अल्बममध्ये स्पष्ट कळतो.

आता सल्ल्याप्रमाणे बजेट बॉडीतच संपवा. मग सोबत येते किट लेन्स. निकॉन झेड५ बरोबर २४-५० एफ/४-६.३ मिळते, कॅनन आर८ बरोबर २४-५० एफ/४.५-६.३. दोन्हींचा ५० मिमीला सगळ्यात मोठा अ‍ॅपर्चर एफ/६.३. एफ/२.८ वरून ६.३ वर येताना २.३ स्टॉप गेले. सेन्सरने सव्वा ते १.४ परत दिले. हिशेब एक स्टॉप तोट्यात. जुनी क्रॉप आणि जुनी २.८ लेन्स याच हॉलमध्ये नव्या सेटपेक्षा स्वच्छ फोटो देतात. २४-७० एफ/४ किट घेतली तर तोटा टळतो, पण फायदाही पाव स्टॉपवर येतो आणि तेवढा फरक कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

ग्रुप फोटोत आणखी एक गोष्ट घडते. स्टेजवर तीन रांगा उभ्या आहेत, क्रॉपवर ३५ मिमी, एफ/४, आयएसओ १६०० मध्ये सगळे चेहरे शार्प येत होते. फुल फ्रेमवर तेवढीच चौकट ५० मिमीला मिळते आणि तेवढीच डेप्थ (शार्प दिसणारी खोली) हवी असेल तर एफ/५.६ किंवा ६ वर जावं लागतं. आयएसओ ३२०० च्या वर चढतो आणि नॉइज (फोटोतले दाणे) पुन्हा बरोबरीत येतो. नव्या बॉडीवर आलेल्यांच्या मागच्या रांगेतल्या आजी-आजोबांचे चेहरे मऊ येण्याचं नेहमीचं कारण हेच. हात जुन्या एफ-नंबरवर जातो. फोकस पहिल्या रांगेवर न ठेवता मधल्या रांगेवर ठेवावा आणि एफ/५.६ च्या खाली उतरू नये.

‘एकाच बॉडीत वाघही, लग्नही’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, कारण इथून ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला हाकेच्या अंतरावर आणि लग्नाचं काम करणारे बरेच जण जंगलातही जातात.

ताडोब्यात मोहर्लीकडच्या रस्त्यावर आडवा उभा वाघ धरा. जिप्सीपासून ५० मीटर, शेपटी सोडून अंगाची लांबी १.७ मीटर. लेन्स २००-५००, पूर्ण ५०० मिमीवर, एफ/५.६. सेन्सरवर त्याची प्रतिमा १७ मिमी पडते. सेन्सर कोणताही असो, प्रतिमा १७ मिमीच, कारण ती लेन्स आणि अंतरावर ठरते. निकॉन डी७५०० ची ओळ ५५६८ पिक्सेलची, म्हणून या १७ मिमीत वाघाला सुमारे ४००० पिक्सेल मिळतात. २४ मेगापिक्सेलच्या झेड६ टू ची ओळ ६०४८ पिक्सेलची, पण ती ३६ मिमीवर पसरलेली. तिथे वाघाच्या वाट्याला साधारण २८५० येतात. लांबी-उंची दोन्ही धरली तर वाघावरचे पिक्सेल निम्मे झाले. बाकीच्या चौकटीत बांबू आणि रस्ता.

मग नॉइज? वाघावर पडणारा उजेड त्याच लेन्समधून, त्याच एफ/५.६ मधून, त्याच १७ मिमीवर आला. घरी येऊन दोन्ही फोटो सारख्या चौकटीत कापले तर मोठ्या सेन्सरचा फायदा त्या कापलेल्या भागासोबत गेलेला असतो. उरतो तो सेन्सरच्या पिढीतला फरक, तो सहसा किरकोळ. हा फायदा परत मिळवायचा तर फुल फ्रेमवर ७५० मिमी एफ/५.६ लागेल. तिचं वजन आणि किंमत बघितली की बहुतेकांचा बेत तिथेच थांबतो.

४५.७ मेगापिक्सेलच्या झेड८ वर तोच वाघ ३९०० पिक्सेलचा येतो, म्हणजे डी७५०० च्या बरोबरीने. झेड८ चा ऑटोफोकस मात्र फार पुढचा आहे, तिथे पैसे वसूल होतात. कॅननवाल्यांसाठी आर७ या क्रॉप बॉडीवर ५३०० च्या आसपास पिक्सेल मिळतात. गोरेवाडा किंवा अंबाझरीला पाणपक्षी टिपणाऱ्यांना आर७ स्वस्तात मोठी झेप देते. एवढंच लक्षात ठेवा की तिच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये भराऱ्या घेणाऱ्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात, उड्डाणासाठी मेकॅनिकल शटरच लावा.

थोडक्यात, जंगल मुख्य असेल तर क्रॉप ठेवा किंवा थेट ४५ मेगापिक्सेलच्या वर्गात जा. मधली २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम लग्नाला उत्तम, वाघाला पाऊल मागे.

‘जुन्या लेन्स चालतातच’

चालतात, पण कशा ते कंपनीगणिक वेगळं. निकॉनची डीएक्स (क्रॉपसाठीची) लेन्स एफएक्स (फुल फ्रेम डीएसएलआर) किंवा फुल फ्रेम झेड बॉडीवर लावली की कॅमेरा स्वतःच क्रॉप मोडमध्ये जातो आणि २४.५ मेगापिक्सेलचे १०.६ उरतात. सोनीतही तसंच, ए७ फोरचे ३३ मेगापिक्सेल १४ वर येतात. कॅननची ईएफ-एस (क्रॉपसाठीची) लेन्स ६डी किंवा ५डी मालिकेच्या माउंटवर बसतच नाही. आर मालिकेवर अ‍ॅडॉप्टरने बसते, पण क्रॉपमध्येच.

अल्बमचा हिशेब लावून बघा. १२ बाय ३६ इंचांच्या पूर्ण स्प्रेडवर एकच फोटो टाकला, तर क्रॉप मोडची ३९८४ पिक्सेलची ओळ इंचाला ११० पिक्सेल देते, पूर्ण चौकट १६८. दागिन्यांच्या आणि पैठणीच्या काठाच्या बारकाव्यात हा फरक लगेच उघडा पडतो. जुन्या डी७२०० वर याच स्प्रेडला १६६ मिळत होते. नव्या बॉडीवर जुनी लेन्स लावून आपण मागे गेलो, असा याचा सरळ अर्थ.

निकॉनवाल्यांना आणखी एक फटका बसतो. ५० मिमी १.८डी सारख्या एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते. डी७२००, डी७५०० च्या बॉडीतली मोटर त्या फिरवते. जुन्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही, त्यामुळे झेड बॉडीवर त्या हातानेच फोकस कराव्या लागतात. बॉडी घेण्याआधी लेन्सवरची अक्षरं वाचा: एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर ऑटोफोकस मिळेल, नुसतं एएफ किंवा एएफ-डी असेल तर मिळणार नाही.

‘सेन्सर फुल फ्रेम आहे ना, मग स्वस्त बॉडी पुरे’

लग्नाचं काम घेणाऱ्याने सेन्सरच्या आधी कार्डचे खण मोजावेत. कॅननच्या आरपी, आर, आर८, निकॉनची पहिली झेड६, सोनीची ए७सी या सगळ्यांत एकच खण आहे. कार्ड बिघडलं तर सप्तपदी पुन्हा होत नाही. झेड५, झेड६ टू, आर६ टू, ए७ थ्री, ए७ फोर यांत दोन खण आहेत. पण दोन खण असून उपयोग तेव्हाच, जेव्हा मेन्यूत ‘बॅकअप’ निवडलेलं असतं. निकॉनमध्ये दुसरा खण मुळात ‘ओव्हरफ्लो’वर असतो, म्हणजे पहिलं कार्ड भरल्यावरच तो वापरला जातो. ही सेटिंग न बदलता वर्षानुवर्षं काम करणारे भेटतात. झेड६ टू मध्ये एक खण सीएफएक्सप्रेस या वेगवान कार्डाचा आणि एक एसडीचा, त्यामुळे बॅकअप मोडमध्ये वेग एसडी कार्डाइतकाच राहतो. तिथे स्वस्त एसडी घालून महाग सीएफएक्सप्रेसचे पैसे वाया घालवू नका.

दुसरं, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा). झेड५ मध्ये आहे, आरपी आणि आर८ मध्ये नाही. ८५ मिमी १.८ सारख्या स्टॅबिलायझेशन नसलेल्या लेन्सवर उभ्या माणसाचा फोटो १/३० ला निघतो की १/१२५ लागतो, हे त्यावर ठरतं. हा दोन स्टॉपचा मामला आहे, सेन्सरच्या फायद्याहून मोठा. (धावणाऱ्या वरातीत त्याचा उपयोग नाही, तिथे शटर स्पीडच हवा.)

व्हिडिओही करत असाल तर झेड५ चा फोर-के १.७ पट कापला जातो. २४ मिमीची लेन्स ४१ मिमीसारखी वागते आणि छोट्या मंडपात मागे सरकायला जागा उरत नाही. आरपीच्या फोर-केमध्येही क्रॉप आहे आणि तिथे ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस चालत नाही. आर८ मात्र याबाबतीत खूप सरस.

तिसरं, दिव्यांची थरथर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सायलेंट मोडमध्ये (म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर) १/२५० ला फोटो काढला की नवरीच्या चेहऱ्यावरून काळे पट्टे जातात. मेकॅनिकल शटर वापरा, अँटी-फ्लिकर चालू ठेवा, जमेल तिथे १/१०० किंवा १/५० वर या. आर८ मध्ये पूर्ण मेकॅनिकल शटर नाही, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन आहे (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसरा मेकॅनिकल). दिव्यांखाली ते ठीक, पण उन्हात एफ/१.८ आणि १/४००० ला मागचे धूसर गोळे अर्धवट कापलेले दिसतात.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर, बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश नवल नाही. दुपारच्या वरातीत लांब फोर-के क्लिप घेताना लहान बॉडी आधी तापते. स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवा, कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाका, सोनीत ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ हे ‘हाय’ करा, आणि बॅग गाडीत बंद करून जाऊ नका.

सेकंडहँड घेताना

शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) सगळेच बघतात. डी७५० चं शटर दीड लाखाला, ए७ थ्रीचं दोन लाखाला तपासलेलं आहे, हे ठीक. लग्नात वापरलेल्या बॉडीत त्याहून मोठा धोका लेसरचा. डीजेचा लेसर थेट सेन्सरवर पडला तर कायमची रंगीत रेघ किंवा ठिपका राहतो. लेन्सची टोपी लावून आयएसओ ६४०० ला एक फोटो, पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला एक, आणि दहा सेकंदांची व्हिडिओ क्लिप घ्या. तिन्ही शंभर टक्के मोठं करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. नवीन घेत असाल तर जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी असलेलीच घ्या.

मग पैसे कोणत्या क्रमाने घालायचे

आधी लाइटरूममध्ये मागच्या सीझनचे निवडलेले फोटो फोकल लेंथ आणि आयएसओने गाळून बघा. बहुतेक फोटो आयएसओ १६०० च्या खाली असतील तर बॉडी बदलून फार काही हाती लागणार नाही; तेच पैसे दोन फ्लॅश आणि ट्रिगरमध्ये घाला. ३२०० च्या वरचे बरेच असतील, तर फुल फ्रेम भाड्याने आणून एका कार्यक्रमात जुन्या बॉडीच्या जोडीने चालवा. दोन्हीकडे एफ/२.८ ठेवा, एकच शटर स्पीड ठेवा, फोटो सारख्या आकाराला आणून तुलना करा.

घ्यायचंच ठरलं तर ८५ मिमी १.८ किंवा ७०-२०० एफ/२.८ आधी घ्या. त्या आजच्या क्रॉप बॉडीवरही कामाला येतात. फक्त माउंट पुढच्या बॉडीचा हिशेब धरून निवडा: निकॉनची एएफ-एस किंवा कॅननची ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टरने पुढेही चालते, पण झेड किंवा आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही. २४-७० मात्र बॉडीसोबतच घ्या, कारण क्रॉपवर ती ३६ पासून सुरू होते आणि स्टेजवरचा ग्रुप त्यात मावत नाही. जुनी क्रॉप बॉडी विकू नका. ७०-२०० तिच्यावर ३०० पर्यंत पोचते, आणि पेंचला जाताना ती लागेलच.