पोलिस दिसले का धावत जाऊन धरायचं? चुकूनही नाही

माझा भाचा टेक्सासमधे शिकायला आहे. बहीण इकडं आर्वी तालुक्यातल्या खेड्यात. परवा गावच्या ग्रुपवर एक मेसेज आला, "शाळा-कॉलेजात गोळीबार झाला तर, पोलिसांचे अधिकृत नियम", तो वाचून तिनं रात्रीच पोराला फोन लावला आणि मग मला. "मी त्याले सांगून देलं, पोलिस आले का धावत जाऊन त्यायले धरजो, सोडजो नोको." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मेसेजात पाच मुद्दे आहेत, पण सगळ्यात घातक हा चौथा, म्हणून आधी तोच.

"पोलिस दिसताच त्यांच्याकडे धाव घ्या, हात धरा, ते बाहेर नेतील." अरे, आत शिरलेल्या पोलिसाला गोळ्या कोण झाडतोय हेच माहीत नसते, एक आहे का दोन तेही कळलेलं नसते. बंदूक रोखलेली, चहूकडं किंकाळ्या, आणि अशात एक पोट्टं हातात काळा मोबाईल घेऊन त्याच्या अंगावर धावून येते. त्याला विचार करायला किती वेळ आहे सांगा ना राजेहो! अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याची यावर पुस्तिका आहे, तिच्यात नेमकं उलट लिहिलंय: हातातलं सगळं खाली ठेवा, हात वर करा, बोटं फाकवा, पोलिसांना धरायला जाऊ नका, आरडाओरड करू नका, आणि मदत मागायला थांबू नका, ते ज्या बाजूनं आत आले त्या बाजूनं बाहेर निघा. ज्यानं हा मुद्दा लिहिला त्यानं कोणाच्या तरी लेकराचा जीव धोक्यात घातलाय.

तिसरा मुद्दा, "पोलिस आधी जखमींना उचलतात". नाही उचलत. पहिली तुकडी जखमींना ओलांडून पुढं जाते. निर्दय वाटते, मलाही वाटलं, पण गोळ्या सुरू आहेत तोवर नवीन माणसं पडतच राहतात, म्हणून आधी गोळ्या झाडणाऱ्याला थांबवायचं, जखमींसाठी मागून दुसरी टीम येते. हेही त्याच पुस्तिकेत आहे.

आता पहिला, "कमांडो येईपर्यंत पोलिस बाहेरच थांबतात, तसा नियमच आहे". यात थोडं खरं आहे, मान्य करावं लागते. १९९९ ला अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा पोलिस घेराव घालून स्पेशल टीमची वाट पाहत राहिले, तेव्हाची पद्धतच ती होती. त्यानंतर शिकवण बदलली, जो आधी पोहोचेल त्यानं आत जायचं. तरी २०२२ ला उवाल्डेत, टेक्सासमधेच, पावणेचारशे पोलिस जमा झाले आणि ७७ मिनिटं गेली, १९ लेकरं अन् २ शिक्षिका गेल्या. म्हणून बहिणीची भीती मी खोटी म्हणत नाही. पण तो नियम नव्हता, नियम मोडला होता, २०२४ मधे तिथल्या न्याय खात्याच्या अहवालानं हेच सांगितलं. २०२३ ला नॅशव्हिलच्या शाळेत पहिला फोन १० वाजून १३ मिनिटांनी आला, पोलिस सरळ आत शिरले आणि १० वाजून २७ मिनिटांनी हल्लेखोर मेला होता. तरी तोवर ६ जण गेलेच. आणि आपल्याकडं म्हणाल तर २६/११ ला एनएसजीचे कमांडो मानेसरहून मुंबईत पोहोचेस्तोवर सकाळ झाली होती, कसाब रात्रीच जिवंत सापडला तो मुंबई पोलिसातल्या तुकाराम ओंबळेंमुळं, हातात फक्त लाठी असताना त्यांनी त्याची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या.

"फायर अलार्म वाजवा" हा दुसरा. २०१८ ला पार्कलँडच्या शाळेत गोळीबाराच्या धुरा-धुळीनं अलार्म आपोआप वाजला, आग लागली समजून पोरं वर्ग सोडून व्हरांड्यात आली. दार लावून आत बसायच्या वेळी! पाचवा, "जागेवर मेल्याचं सोंग घ्या", त्याच्यावर जास्त बोलत नाही. पळता आलं तर आधी पळायचं, नाहीतर दार लावून, लाईट बंद, मोबाईल सायलेंट, आणि हल्लेखोर अगदीच अंगावर आला तर खुर्ची, बॅग, जे सापडेल ते घेऊन झुंजायचं.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणे, "मंग आता त्याले काय सांगू?" म्हटलं एवढंच सांग, हात रिकामे, हात वर, बोटं मोकळी. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं तिनं, अन् फोन ठेवून पोराला लावला.