मी दुकानातला नाही

मी त्या दुकानात नोकरीला नाही. शनिवारी हे मी तीनदा सांगितलं, दोनदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत. तिन्ही वेळा समोरच्या काकांनी "असू दे, असू दे" म्हणत मला उदार मनाने माफ केलं.

स्थळ सिडनीतलं मासेमारीच्या सामानाचं दुकान. काका डोंबिवलीहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले. मुलाला पुळणीवर उभं राहून मासे गरवायची हौस आलेली. त्याच्या हातात एक साइडकास्ट रील होती आणि तिच्याशी काडीचा संबंध नसलेला रॉड. मी शेजारी शिसं, म्हणजे दोरीला लावायची शिशाची वजनं, चाचपत उभा होतो. गप्प बसायला हवं होतं. पण धोतरावर टाय बांधलेला माणूस दिसला तर आपण निदान दोनदा बघतोच ना?

साइडकास्ट ही खास ऑस्ट्रेलियन वस्तू आहे. ब्रिस्बेनच्या आल्वी कंपनीने १९२० पासून ती इतकी बनवली की इथे बरेच लोक रीलला नुसतं 'आल्वी' म्हणतात. २०१७ मध्ये कंपनी बंद होणार अशी बातमी आली तेव्हा म्हातारे कोळी हळहळले. पुढे नव्या मालकांनी ती चालू ठेवली. दिसायला ही रील म्हणजे एक मोठी चकरी आणि तिला दोन मुठी, बस्स. फेकताना चकरी काटकोनात वळवायची, म्हणजे तिचं तोंड रॉडच्या टोकाकडे होतं आणि दोरी कडेवरून सुटत जाते. फेकून झालं की चकरी परत सरळ करायची आणि रहाटासारखं गुंडाळायचं. आत गिअर नाही. मूठ एकदा फिरली की चकरी एकदाच फिरते. वाळू गेली तर बादलीत बुचकळायची, गोड्या पाण्याने धुवायची, अधूनमधून आसाला ग्रीसचं बोट लावायचं. पुळणीवर नवशिक्याच्या हातून रील वाळूत पडतेच, त्यामुळे नवशिक्याला याहून बरी रील नाही.

हे सगळं मी मुलाला सांगत होतो. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गिअर नाही म्हणता, मग पैसे कशाचे?"

"काका, गिअर नाही म्हणूनच ती टिकते."

"उद्या तुम्ही चाक नसलेली गाडी विकाल."

"मी विकत नाहीये. मी इथला नाही."

"असू दे, असू दे. रॉड दाखवा."

रॉड दाखवला. कारण खरी मेख रॉडमध्येच आहे, आणि इथेच दुकानं नवशिक्याला फसवतात. आता मी विनोद करत नाहीये. नेहमीच्या, गिअरवाल्या स्पिनिंग रीलच्या सर्फ रॉडला, म्हणजे पुळणीवरच्या लांब रॉडला, रीलची बैठक बुडापासून दोन-सव्वादोन फूट वर असते. साइडकास्टला ती बुडापासून जेमतेम वीतभर हवी. खालचा हात रीलपाशी राहतो, त्याच हाताच्या बोटाने दोरी अडवून धरायची असते आणि फेकीच्या ऐन क्षणी सोडायची असते. बैठक वर असली तर त्या बोटाला दोरी पोचत नाही. दुसरी गोष्ट पहिल्या कडीची, म्हणजे रॉडवरच्या ज्या कड्यांतून दोरी ओवतात त्यांतल्या पहिलीची. चकरीवरून दोरीची वेटोळी मोठी सुटतात, म्हणून पहिली कडी मोठी आणि रीलपासून बरीच लांब हवी. ती जवळ किंवा बारीक असली की वेटोळी तिथे आपटतात, फेक अर्ध्यात मरते आणि नवशिक्या स्वतःच्या खांद्याला दोष देत घरी जातो. दुकानात रील बसवून, दोरी कड्यांतून ओवून बघा. कुणी नाही म्हणालं तर दुसऱ्या दुकानात जा.

लांबी १० ते १२ फूट, दोन तुकड्यांत. उंची बेताची असेल तर १० किंवा ११ घ्या. १२ फुटी रॉड दुकानात फार रुबाबदार दिसतो आणि तासाभरात खांद्यातून उतरतो. ग्राफाइट हलका असतो, पण खडकावर आपटला की जीव सोडतो. फायबरग्लास जड आणि ढिला, पण मार खाऊन जगतो. पहिला रॉड फायबरग्लासचा. रील साडेसहा इंची, म्हणजे ६५० च्या मालिकेतली. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी ताणाखाली सोडणारा ब्रेक, असलेली मिळाली तर जरूर घ्या. बिनड्रॅगच्या रीलवर मासा पळाला की मुठी उलट्या गरगरतात आणि बोटांच्या सांध्यांवर असा काही मार देतात की शाळेतल्या पट्टीची आठवण यावी. जुनी मंडळी चकरीच्या कडेला तळवा टेकवून मासा थोपवतात. ती कला नंतर शिका.

एवढं बोलून मी मुख्य मुद्द्यावर येणार होतो. तो म्हणजे पीळ. साइडकास्टची एकमेव खोड. या विषयावर माझं वीस मिनिटांचं तयार भाषण आहे, हातवाऱ्यांसकट. मी घसा साफ केला.

काका चकरी वळवून बघत होते. उभी केली, आडवी केली, परत उभी केली. मग म्हणाले, "ही तर फिरकी."

"कसली?"

"पतंगाची हो! मांजाची. आम्ही फिरकी आडवी धरायचो, ती फिरायची, मांजा सरळ सुटायचा. एखादं कार्टं आळस करून फिरकी उभी धरायचं आणि टोकावरून मांजा ओढायचं. मग मांजाला पीळ. पीळ पडला की गुंता. गुंता झाला की कानाखाली." त्यांनी कानाखालीचा हातवारा मुलाच्या दिशेने केला. "तुमची ही रील सोडते उभ्याने आणि गुंडाळते आडव्याने. म्हणजे प्रत्येक फेकीला पीळ पडणार आणि उलगडणार कधीच नाही. बरोबर?"

बरोबर. माझं अख्खं भाषण त्या माणसाने कानाखालीसकट अर्ध्या मिनिटात आटपलं. मी सूड म्हणून हिशोब काढला: साडेसहा इंची चकरीचा घेर सुमारे ५२ सेंटिमीटर, म्हणजे ५० मीटरच्या फेकीला शंभराच्या आसपास पीळ.

"म्हणजे दहा फेकींत हजार," काका म्हणाले. "मग विकता कशाला असली वस्तू?"

"मी विकत नाही!"

"असू दे. उपाय सांगा."

उपाय आहे तो स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकं स्वतंत्र फिरणारा छोटासा सांधा. दोरीच्या टोकाला चांगला गरगर फिरणारा स्विव्हल बांधायचा, त्याच्या पुढे हातभर लीडर, म्हणजे दोरीचाच वेगळा तुकडा, मग गळ. शिसं स्विव्हलच्या वर, दोरीवर मोकळं. ओढून आणताना पाण्याच्या ताणाने स्विव्हल फिरतो आणि पीळ बाहेर पडतो. मी एकाऐवजी दोन स्विव्हल लावतो, कारण वाळू जाऊन एक हमखास अडकतो. दोरी साध्या नायलॉनची, ६ ते ८ किलोची. गुंडाळताना ओल्या बोटांच्या चिमटीतून घट्ट आणि चकरीभर सारखी पसरत गुंडाळायची. सैल गुंडाळलेली दोरी पुढच्या फेकीला गुंत्याच्या घरट्यासकट बाहेर येते.

याच वेळी दुकानातला खरा विक्रेता आला आणि त्याने मुलाला प्रेमाने ब्रेडचं, विणलेल्या दोरीचं रीळ दिलं. बारीक आहे, लांब जाते, महाग आहे. स्पिनिंगवर उत्तम. साइडकास्टवर मात्र पीळ खाल्लेल्या ब्रेडची गाठ दाताने सुटत नाही, नखाने सुटत नाही, कात्रीनेच सुटते. हे त्याला माहीत नव्हतं, की माहीत होतं आणि महिनाअखेर होती? मला राग आला तो इथे. नवशिक्याला काय विचारावं तेच कळत नसतं, आणि नेमकं त्यालाच उलटी बैठक, चुकीची दोरी आणि कागदासारखे गळ एका प्लास्टिकमध्ये भरून 'कॉम्बो' म्हणून देतात. दोन रविवारी गुंते सोडवून माणूस रॉड गॅरेजात ठेवतो तो कायमचा. काकांनी ब्रेडचं रीळ परत विक्रेत्याच्या हातात ठेवलं आणि माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "नो, नो. युअर सीनियर मॅन सेड नो." विक्रेत्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मला त्याला रजा मंजूर करावीशी वाटली.

मग काकांनी विचारलं, मिळतं काय? मी व्हाइटिंगचं नाव घेतलं आणि फोनवर फोटो दाखवला.

"अहो, ही तर मुडदुशी!"

अगदी मुडदुशी नाही, पण त्याच कुळातली. काकांचा आवाजच बदलला. रवा लावून तळायचे की तांदळाचं पीठ, यावर पाच मिनिटं गेली. मी सांगितलं की २७ सेंटिमीटरच्या आतली पाण्यात परत सोडावी लागते, शिवाय मासेमारीची सरकारी फी आधी भरावी लागते. काका म्हणाले, "समुद्राचं भाडं?" आमिष म्हणून वाळूतल्या पिपी, म्हणजे आपल्या तिसऱ्यांची चुलत बहीण, पायाने उकरून काढायच्या. पण न्यू साउथ वेल्समध्ये त्या आमिषापुरत्याच, ५० च्या वर नाही, भरतीच्या रेषेपासून ५० मीटरच्या पलीकडे न्यायच्या नाहीत आणि घरी नेऊन खायच्या तर नाहीतच, कारण त्यांत शेवाळाचं विष साठलेलं असू शकतं.

"तिसऱ्या माशांना घालायच्या?" काका खरोखर दुखावले. "आणि आपण बघत बसायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

अखेर मुलाने योग्य तेच घेतलं. खाली बैठक असलेला ११ फुटी फायबरग्लास, साडेसहा इंची रील, नायलॉनची दोरी, डझनभर स्विव्हल, ६० आणि ८५ ग्रॅमची शिसं. मी माझं शिसं घेऊन रांगेत उभा राहिलो. काका मागून आले. खिशातून दोन डॉलरचं नाणं काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटवली.

"नाही म्हणू नका. आणि तो रॉड जरा गाडीपर्यंत घेता का? माझी पाठ धरलीये."

मुलगा पैसे भरत होता. मी घेतला. साडेपाच फुटांचे दोन तुकडे मधल्या फटीतून पुढच्या काचेपर्यंत सरकवले, टोकाला त्यांचाच रुमाल गुंडाळला. काका पुढच्या सीटवर रील मांडीवर घेऊन मुठी फिरवत बसले होते. गाडी सुटताना काच खाली करून म्हणाले, "पुढच्या शनिवारी ड्युटी आहे ना तुमची?"