कोपीतला डॉक्टर आणि कोपीतली बाकीची लेकरं

नीटचा निकाल लागला की आमच्या बीडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो घरच्या ग्रुपवर माझ्या धाकट्या दिरांनी टाकला, खाली टाळ्यांचे हात. मजकूर असा (कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची उसाच्या फडावरची झोपडी): ‘मेंदू देवाने सगळ्यांना सारखाच दिला. गरिबी-श्रीमंतीचा त्याच्याशी संबंध नाही. ऊसतोड कामगाराचं पोरगं कोपीत अभ्यास करून डॉक्टर होतंच ना? सहा वर्षांपर्यंत लेकराला खाऊ द्या, खेळू द्या, डोकं शाळेत गेल्यावर चालतं. आणि पैशाने बुद्धी वाढत असती तर श्रीमंतांची पोरं नापास झाली नसती.’

भाऊजी, तुम्ही चांगल्या मनाने टाकलंत. पण मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून २८ वर्षं लेकरांची वजनं घेतली आहेत, मला गप्प बसवेना.

‘सारखाच दिला.’ हे मला जवळजवळ मान्य आहे. अमेरिकेत ७७ लेकरांच्या मेंदूचे एमआरआय ५ महिन्यांच्या वयापासून ४ वर्षांपर्यंत काढले. तो अभ्यास २०१३ साली छापून आला. सुरुवातीला गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या बाळांत फारसा फरक नव्हता. पुढे वाढीचा वेग वेगळा होत गेला आणि गरीब घरांतल्या लेकरांचा मेंदूतला करडा भाग सरासरीने मागे पडला. म्हणजे बी एकच, फरक पाळीपाण्याचा.

२०१५ साली तिथेच ३ ते २० वर्षं वयाच्या १,०९९ मुलांचा मोठा अभ्यास आला. घरचं उत्पन्न आणि मेंदूच्या बाहेरच्या थराचं क्षेत्रफळ यांचं नातं सगळ्यांत ठळक दिसलं ते अगदी गरीब घरांत. तिथे उत्पन्नात थोडासा फरक असला तरी क्षेत्रफळात बराच मोठा फरक दिसत होता. वरच्या घरांत उत्पन्नातल्या तेवढ्याच फरकाने क्षेत्रफळात कमी फरक दिसला. कोरडवाहू कापसाला पाण्याची एक पाळी मिळाली तर पीक उठतं, कॅनॉलच्या वावराला तीच पाळी फारशी कळत नाही, तसं. अर्थात ही सगळी सरासरी आहे. एखाद्या लेकराचा एमआरआय हातात घेऊन ते कोणत्या घरातलं हे कुणी सांगू शकत नाही. ‘गरिबांचा मेंदूच बारका’ असं बोलणाऱ्यांनाही हे ऐकवा.

आता तो डॉक्टर. त्याचं कौतुक मलाही आहे. पण त्याची बातमी का झाली? कोपीतून दरवर्षी ढीगभर डॉक्टर निघत असते तर पेपराने फोटो छापला असता का? आणि तो पोरगा बहुतेक कोपीत वाढलेलाच नसतो. शाळेच्या वयाचा झाला की त्याला आजीजवळ ठेवतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. फडावर जातं ते खालचं, दोन-तीन वर्षांचं. त्याला मागे कोण ठेवणार?

दिवाळीच्या आगेमागे टायरगाड्या भरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या नावावर. माय पहाटे अंधारात फडात शिरते. लेकरू बांधावर पाचटावर नाहीतर कोपीत, आणि त्याच्याजवळ सात-आठ वर्षांची बहीण. कामाला एक खाडा पडला तर मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, पैसे कापतो, म्हणून लेकरू तापलं तरी माय ऊस तोडत राहते. तिचा जीव लेकरापाशी नसतो असं नाही, तिच्याजवळ वेळ नसतो. आणि भाऊजी, त्या डॉक्टरची पाठची बहीण काय करते, हे मेसेज लिहिणाऱ्याने विचारलेलं नाही.

‘डोकं शाळेत गेल्यावर चालतं.’ नाही हो. मेंदू दोन वर्षांच्या वयात मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्के आकाराचा झालेला असतो. पाच वर्षांच्या लेकराचं शरीर स्वस्थ पडलेलं असताना जी ऊर्जा खर्च करतं, तिचा दोन तृतीयांश वाटा एकटा मेंदू खातो. त्याला लोह लागतं, चेतातंतूंवरचं आवरण घडायला लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के लेकरं रक्तक्षयी निघाली. यात बंगल्यातलीही आहेत. सकाळी चहात बटर बुडवून देण्याची खोड दोन्हीकडे आहे, आणि चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. फरक एवढाच, की बंगल्यात डॉक्टर लवकर गाठला जातो.

गरिबीचा मेंदूशी संबंध आहे म्हणणारे, आमच्या बाजूचे लोकही एक फॉरवर्ड फिरवतात: गरिबाच्या लेकराच्या कानावर तीन कोटी शब्द कमी पडतात. तो आकडा कॅन्ससमधल्या अवघ्या ४२ कुटुंबांवरून काढलेला, आणि पुढे त्यावर बरेच आक्षेप आले. ज्या घरात आजी, चुलत्या, शेजारणी दिवसभर बोलतात, त्या घराला तो लावू नये.

राहिला पैसा. इथे मेसेजमध्ये थोडा दम आहे. अमेरिकेत १,००० गरीब मातांपैकी काहींना महिन्याला ३३३ डॉलर, बाकीच्यांना २० डॉलर दिले. वर्षाच्या बाळांच्या मेंदूच्या विद्युत लहरींत फरक दिसला आणि मोठा गाजावाजा झाला. चार वर्षांच्या वयात मात्र ठोस फरक सापडला नाही. पण जमैकात वाढ खुंटलेल्या १२९ लेकरांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला गेली. मायला सोबत घेऊन, घरच्याच वस्तूंची खेळणी करून लेकराशी खेळली. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कुणी गेलं नाही त्या तशाच मुलांपेक्षा २५ टक्के जास्त होती.

असली खेळणी आमच्या सेविका चिंचोके, बाटल्यांची झाकणं आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांतून करतातच. पण नोव्हेंबर ते मार्च लेकरू कोल्हापूर, सांगली नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असतं आणि खेळणी गावच्या अंगणवाडीत. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे मी स्वतः पाच-पाच महिने ‘स्थलांतरित’ लिहिलं आहे. वजनाचा रकाना कोरा.