उन्हाळ्यात रायडिंग जॅकेट घातलं की उष्माघात होतो?

"रायडिंग जॅकेट युरोपच्या थंडीसाठी असतं, आपल्या ४४ डिग्रीत घातलं तर उष्माघात होईल, गावात ४० च्या स्पीडला फुल शर्ट पुरे, आणि जाळीचं जॅकेट तर पडल्यावर फाटतंच" हा मेसेज दर मे महिन्यात फिरतो. यावेळी तो वाचून माझ्या भाच्याने जॅकेट विकायला काढलं, म्हणून लिहितोय.

आधी उष्माघाताचं बघू. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ डिग्री, हवा त्याहून गार असेल तोवरच वारा बरा वाटतो, पण नागपूर-अमरावती रोडवर भर दुपारी ४४ ची झळ उघड्या हातांवर लागते तेव्हा तो वारा अंगात उष्णता भरतो आणि घाम इतका पटकन उडतो की किती पाणी गेलं ते कळतही नाही. आपल्याकडे पोरी तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळून गाडी चालवतात त्या उगीच का? मी कोंढाळीला थांबतो, आतला कॉटनचा टी-शर्ट नळाखाली भिजवून पिळून घालतो, वर जॅकेट, चेन थोडीच उघडी, बराच वेळ गार वाटतं. नुसता ओला शर्ट काही मिनिटांत कोरडा ठाक. मुंबई-कोकणात मात्र हवा दमट, घाम वाळत नाही, तिथे जाळीचंच घ्या.

सिग्नलला उकडतं हे खरंय. पण आतलं रेन लायनर, म्हणजे पाणी अडवणारं अस्तर, काढलंय का ते बघा! भाच्याचं पावसाळ्यापासून तसंच आत होतं, त्यातून वारा येणार कुठून?

आता ४० चा स्पीड. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. शिवाय कोपर जमिनीवर आपटतं ते सीटच्या उंचीवरून, स्पीड कमी म्हणून ती उंची कमी होत नाही. माझा मित्र गल्लीच्या वळणावर गिट्टीवरून घसरला, फुल शर्टची बाही कोपरापासून गायब, आणि नर्सने ब्रशने जखमेतली रेती घासून काढली तेव्हा तो जे ओरडला ते मी बाहेर उभा राहून ऐकलंय.

जाळी फाटते? स्वस्तातली फाटते, म्हणून लेबल वाचा. ईएन १७०९२ या रायडिंग कपड्यांच्या युरोपियन मानकात एएए (सगळ्यात मजबूत), एए, ए असे दर्जे आहेत, उन्हाळी जॅकेट बहुतेक ए किंवा एए मिळतं, आणि कोपर-खांद्याच्या पॅडवर ईएन १६२१ (मार झेलणाऱ्या पॅडचं मानक) लिहिलेलं हवं, लेव्हल २ असेल तर आणखी चांगलं. पाठीच्या खिशात बऱ्याचदा नुसता फोम असतो, तो काढून खरा प्रोटेक्टर टाका.

भाच्याला सांगितलंय, जाहिरात काढ आणि रविवारी जॅकेट घेऊन ये, लायनर मी काढून देतो.